तलावातला हिरवा तवंग: औषध टाकण्याआधी किलोचा हिशेब

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. शहराच्या मधोमध वीस एकरांचा जुना तलाव आहे. दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेने त्यातली जलपर्णी काढली. तेव्हापासून होळी उलटली की पाणी हिरवं पडतं, मे महिन्यात काठाला जाड तवंग आणि घाण वास, आणि अधूनमधून पहाटे मासे मरून वर येतात. पालिकेपुढे आता तीन प्रस्ताव आहेत: जिवाणूंची पावडर, कारंजी आणि मोरचूद (कॉपर सल्फेट). यातलं काय निवडावं, असं तुम्ही विचारलंय.

आत्ताच्या परिस्थितीत यातलं एकही नाही. तिन्ही प्रस्ताव हिरवा रंग घालवण्याचे आहेत आणि तुमची अडचण शेवाळाला पोसणाऱ्या फॉस्फरसची आहे. म्हणून कोणीही कोणताही उपाय घेऊन आला की त्याला मी एकच विचारतो: याने तलावातून किती किलो फॉस्फरस बाहेर जाणार, किंवा किती किलो गाळात कायमचा अडकणार? बहुतेक जण इथे विषय बदलतात.

आधी ते हिरवं नेमकं काय आहे ते बघा. तवंगात काठी बुडवून वर काढा. काठीला लांब धागे लोंबत आले तर ते साधं धाग्याचं शेवाळ आहे. दिसायला ओंगळ, पण सहसा विषारी नसतं. काठी ऑइलपेंटच्या डब्यात बुडवल्यासारखी लडबडून आली तर नील-हरित शेवाळाचा, म्हणजे सायनोबॅक्टेरियाचा संशय घ्या. दुसरी चाचणी: हातमोजे घालून काचेची बरणी काठाच्या पाण्याने भरा आणि रात्रभर न हलवता फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर संशय पक्का होतो, तळाशी बसला असेल तर कमी होतो. सायनोबॅक्टेरिया हे खरं तर जिवाणू, त्यांच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यामुळे ते वर येतात. अंतिम खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागात नमुना ताजा असताना नेऊन द्या, ‘मायक्रोसिस्टिस’ हा सायनोबॅक्टेरिया आहे का एवढंच विचारा. आपल्याकडच्या सांडपाण्याच्या तलावांत बहुधा तोच निघतो.

ओळख पटवायची ती यासाठी की मायक्रोसिस्टिसच्या कित्येक जाती मायक्रोसिस्टिन नावाचं यकृताला मारक विष तयार करतात. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने आयुष्यभराच्या वापरासाठी लिटरला १ मायक्रोग्रॅम धरली आहे, पोहण्याच्या पाण्यासाठी २४. पाणी उकळून हे विष जात नाही. ऑगस्ट २०१४मध्ये अमेरिकेत एरी सरोवराकाठच्या टोलेडो शहरात चार लाखांवर लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूही नका, असं सांगावं लागलं होतं, कारण उकळल्याने पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं. १९९६मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू इथे एका डायलिसिस केंद्राच्या पाण्यात हेच विष गेलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. तुमच्या तलावाचं पाणी कोणी पीत नाही असं तुम्ही लिहिलंय, ते ठीक. पण गुरं पितात, कुत्री पितात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं डुंबतात. अगदी काठाला लागून असलेल्या विहिरींचं पाणीही तपासून घ्या.

आता हिशेब. वीस एकर म्हणजे साधारण आठ हेक्टर. खोली तुम्ही दिलेली नाही, सरासरी अडीच मीटर धरतो. म्हणजे तलावात सुमारे २० कोटी लिटर पाणी. लिटरला ३० मायक्रोग्रॅमच्या वर एकूण फॉस्फरस गेला की तलाव शेवाळाला पोषक होतो, १०० मायक्रोग्रॅमच्या वर तो कायमचा आजारी समजावा. ३० मायक्रोग्रॅमने गुणा: सगळ्या तलावात मिळून ६ किलो. डीएपी खताच्या पन्नास किलोच्या गोणीत १० किलो फॉस्फरस असतो. म्हणजे तुमचा अख्खा तलाव हिरवा करायला पाऊण गोणीही लागत नाही.

आता दुसरी बाजू. तुम्ही म्हणता एक नाला बारमाही वाहतो. दोन-अडीच हजार वस्तीचा नाला दिवसाला दोन लाख लिटर पाणी सहज आणतो. घरगुती सांडपाण्यात लिटरला निदान ५ मिलीग्रॅम फॉस्फरस असतो. मलमूत्रातून येतो, काही वाटा कपडे-भांड्यांच्या पावडरीतून. झाला रोजचा १ किलो. जो साठा सहा किलोवर धोक्यात येतो त्यात रोज एक किलो पडतोय, आणि पावसाळ्यात सांडवा वाहील तेवढे दिवस सोडले तर बाहेर काहीच जात नाही. १ किलो फॉस्फरसवर साधारण शंभर किलो कोरडं शेवाळ पोसतं, ओलं धरलं तर त्याच्या कितीतरी पट. हा आकडा डोक्यात ठेवला की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

फॉस्फरसच का, नायट्रोजन का नाही, असं कोणीतरी विचारेलच. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १९७३मध्ये तलावांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर यांनी ‘लेक २२६’ नावाचा तलाव मधोमध पडदा लावून विभागला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्यात हे दोन्ही आणि वर फॉस्फरस. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, शेजारचा स्वच्छ राहिला. भाताच्या खाचरात निळं-हिरवं शेवाळ खत म्हणून सोडतात हे कोकणात बऱ्याच जणांना माहीत आहे. ते चालतं कारण त्यातल्या काही जाती हवेतला नायट्रोजन स्वतः बांधून घेतात. नायट्रोजन तोडला तरी ते आपली सोय करू शकतात, फॉस्फरस हवेतून मिळत नाही. उथळ, उष्ण तलावांत नायट्रोजनचाही हात असतो, त्यावर अजून वाद आहेत, म्हणून मोजा दोन्ही. पण पैसे मर्यादित असतील तर पहिले फॉस्फरसवर लावा.

जलपर्णी काढल्यानंतरच पाणी हिरवं का झालं, याचं तुम्हाला आश्चर्य वाटलंय. मला नाही वाटलं. जलपर्णी तोच फॉस्फरस खात होती आणि वरून पाण्यावर सावली धरून होती. ती गेली, ऊन थेट पाण्यात शिरलं, जेवण तसंच वाढलेलं होतं, पंगतीला शेवाळ बसलं. याचा अर्थ जलपर्णी काढायला नको होती असा नाही. उलट फॉस्फरस खरोखर बाहेर नेणाऱ्या थोड्या कामांपैकी ते एक आहे, फक्त काढलेली जलपर्णी काठावर ढीग करून सडू दिली नाही तरच. सडली की रस पुन्हा पाण्यात. आणि तिचाही हिशेब बघा: एक टन ओल्या जलपर्णीत कोरडा पदार्थ साठ किलोच्या आसपास, त्यात फॉस्फरस साधारण पाव किलो. नाल्याचा रोजचा एक किलो बाहेर काढायला रोज चार टन जलपर्णी उचलावी लागेल. तरंगत्या वाफ्यांवर कर्दळ लावून फोटो काढतात त्यांनाही हाच हिशेब लावा. वाफे वाईट नाहीत, पण वीस एकरात दहा वाफे म्हणजे सजावट.

तेव्हा मुख्य काम नाल्याचं. आपल्याकडचा अनुभव वेगळं काही सांगत नाही. कोल्हापूरचा रंकाळा वर्षानुवर्षं हिरवा पडत राहिला त्याच्या मुळाशी सांडपाण्याचे नाले होते. उजनीचं पाणी उन्हाळ्यात हिरवं होतं, कारण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून तिथेच येऊन साठतं. तलाव असो की धरण, वरून येणारं थांबल्याशिवाय आत केलेलं काम टिकत नाही.

इथे पालिकेचे अभियंते एक खरी अडचण सांगतील आणि ती हसण्यावारी नेऊ नका. नाला वळवला तर फेब्रुवारीनंतर तलावात पाणी यायला दुसरा मार्गच नाही, तलाव आटेल. कित्येक शहरी तलावांचे मूळचे पावसाळी ओढे बांधकामांखाली गाडले गेलेत आणि सांडपाण्यावरच तलाव भरलेला दिसतो. मग ‘प्रक्रिया करून पाणी सोडू’ असा प्रस्ताव येतो. तो ऐकून घ्या, पण एक गोष्ट लेखी मागा. नेहमीच्या सांडपाणी प्रकल्पात बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) उतरतो, वास जातो, पाणी नितळ दिसतं, फॉस्फरस मात्र बराचसा तसाच राहतो. तो काढायला वेगळा टप्पा लागतो: तुरटीसारखं किंवा लोहाचं रसायन, नाहीतर त्यासाठीच आखलेली जैविक प्रक्रिया. निविदेत एकूण फॉस्फरसची अट नसेल तर तो टप्पा कोणीही स्वखुशीने बांधत नाही. आणि लिटरला १ मिलीग्रॅमपर्यंत उतरवला तरी दोन लाख लिटरमागे रोजचे २०० ग्रॅम, वर्षाचे ७३ किलो. म्हणून माझा कल असा: प्रक्रिया केलेलं पाणी बागा, दुभाजक, बांधकामं यांना द्या, उरलेलं तलावाच्या खालच्या अंगाला सोडा. तलावात सोडायचंच असेल तर काठावर जागा काढून पाणवनस्पतींच्या लांब चरांतून मुरवत आणा. आणि पावसाळी ओढे मोकळे करा. उन्हाळ्यात पाणी चार फूट उतरलं तर उतरू द्या. आपल्या हवामानात तलाव उन्हाळ्यात आटोपशीर होणं नैसर्गिक आहे. बाराही महिने काठोकाठ भरलेला तलाव ही फिरायला येणाऱ्यांची अपेक्षा आहे.

नाल्याखेरीज दोन छोटे स्रोत तपासा. एक, मासेमारीचा ठेका. मत्स्यतळ्यात पाणी मुद्दाम हिरवं करतात, माशांना खाद्य व्हावं म्हणून शेणखत, कोंबडीखत, सुपर फॉस्फेट टाकतात. तळ्यासाठी ती योग्य पद्धत आहे, तुमच्या तलावासाठी नाही. ठेक्याच्या करारात खत आणि खाद्य टाकायला मनाई आहे का ते बघा. सायप्रिनस (कॉमन कार्प) मासा सोडला असेल तर तो तळ उकरून गाळ ढवळतो, पाणी आणखी गढूळ होतं. गवत्या (ग्रास कार्प) मासा सोडा असा सल्ला हमखास मिळेल. गवत्या पाणवनस्पती खातो, मायक्रोसिस्टिस नाही.

दुसरा स्रोत, गणपती. निर्माल्य आणि मूर्तींवर सगळे तुटून पडतात. काठाची घाण आणि रंगातले धातू यासाठी ते बरोबरच आहे, पण बारमाही नाल्यापुढे त्यांचा फॉस्फरस किरकोळ आहे. कृत्रिम हौद जरूर करा. फक्त एक ध्यानात ठेवा: प्लास्टरच्या मूर्ती विरघळवायला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेला अमोनियम बायकार्बोनेट वापरत असाल तर उरणाऱ्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, म्हणजे खत. ते बागेला द्यायचं. हौद तलावात रिकामा करायचा नाही.

समजा नाला बंद झाला. पुढच्याच उन्हाळ्यात निळं पाणी दिसेल का? बहुधा नाही, आणि हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर ‘एवढा खर्च करून काय झालं’ म्हणून पुढची सभा गाजेल. वर्षानुवर्षं आलेला फॉस्फरस गाळात लोहाला चिकटून बसलेला असतो. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला की ती पकड सुटते आणि फॉस्फरस परत वर येतो. सिॲटलजवळचं लेक वॉशिंग्टन हे खोल सरोवर. १९६३ ते १९६८मध्ये सांडपाणी वळवलं आणि काही वर्षांतच पाणी नितळलं. स्वीडनमधलं ट्रुमेन हे उथळ सरोवर. १९५०च्या दशकाअखेरीस सांडपाणी थांबलं, तरी दहा वर्षं ते हिरवंच राहिलं. १९७० आणि १९७१मध्ये वरचा सुमारे मीटरभर गाळ शोषून काढला तेव्हा कुठे फरक पडला. अडीच मीटरचा तुमचा तलाव ट्रुमेनच्या जातीचा आहे.

गाळ काढायचा तर आटलेल्या उन्हाळ्यात पोकलेन लावून काढणं सर्वात स्वस्त. पण गाळ शेतात देण्याआधी जड धातू तपासा. सरकारच्या ‘गाळमुक्त धरण’ योजनेच्या धर्तीवर शहरी तलावाचा गाळ सरसकट वाटू नका; धरणात माती असते, शहराच्या तलावात गॅरेजचं तेल आणि मूर्तींचे रंगही असतात. पूर्ण गाळ काढणं परवडत नसेल तर तुरटी हा गंभीर पर्याय आहे. तिच्यातलं अॅल्युमिनियम फॉस्फरसला पकडतं आणि लोहासारखं प्राणवायू संपल्यावर सोडून देत नाही. मात्र डोस तुमच्या पाण्याच्या क्षारतेवर (अल्कलिनिटीवर) ठरतो. सामू (पीएच) ६च्या खाली गेला तर तेच अॅल्युमिनियम माशांना मारतं. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याकडून जार टेस्ट, म्हणजे बरण्यांत वेगवेगळे डोस टाकून चाचणी, करून घ्या, अंदाजाने पोती ओतू नका. लँथॅनम मिसळलेली बेंटोनाइट माती हेच काम करते, महाग पडते. या दोन्हींचा उपयोग नाला बंद झाल्यानंतरच. आधी टाकाल तर तुरटीचा पैसा वर्षभरात नवीन गाळाखाली पुरला जाईल.

आता पालिकेचे तीन प्रस्ताव. जिवाणूंची पावडर सेंद्रिय घाण कुजवते, वास कमी होऊ शकतो. पण कुजवणं म्हणजे बांधलेला फॉस्फरस मोकळा करणं. एक ग्रॅमही तलावाबाहेर जात नाही. विक्रेता आधीचे-नंतरचे फोटो दाखवेल. त्याला एकूण फॉस्फरसचे आधीचे-नंतरचे आकडे मागा, आणि ‘नंतरचे’ पावसाळ्यातले नाहीत ना तेही बघा.

कारंज्यांबद्दल लोकांचा गैरसमज मोठा आहे. खोल तलावात जोरात हवा सोडून पाणी वर-खाली फिरवलं तर मायक्रोसिस्टिसला अंधारात ओढता येतं. अॅमस्टरडॅमच्या न्यूवे मेअरमध्ये १९९०च्या दशकात ते चाललं. पण तो तलाव तीस मीटरपर्यंत खोल आहे. तुमच्याकडे अडीच मीटरमध्ये अंधार आहेच कुठे? कारंजी माशांचा जीव मात्र वाचवू शकतात. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, रात्री तेच खातं, म्हणून सर्वात कमी प्राणवायू पहाटे चार ते सहाच्या दरम्यान असतो. आणि आपली कारंजी चालतात संध्याकाळी सात ते दहा, रंगीत दिव्यांसह! बसवायचीच असतील तर रात्री दोन ते सकाळी सात चालवण्याची अट घाला. वीजबिल थोडं वाढेल, पण मासे जिवंत.

मोरचूद मात्र ठाम नकार. शेवाळ मरतं, हे खरं. पण पेशी फुटून आतलं सगळं विष एकदम पाण्यात येतं, मेलेलं शेवाळ कुजताना प्राणवायू खाऊन टाकतं, आणि तांबं गाळात साठत जातं. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १९७९मध्ये पिण्याच्या पाण्याच्या धरणात शेवाळासाठी मोरचूद टाकला. काही दिवसांतच शंभरावर माणसं, बहुतेक लहान मुलं, यकृताच्या आजाराने दवाखान्यात गेली. त्या धरणात विषारी जात असल्याचं नंतर निघालं. हायड्रोजन पेरॉक्साइडचे प्रयोग नेदरलँड्समध्ये झालेत, लिटरला २ मिलीग्रॅमच्या आसपास. ते सायनोबॅक्टेरियाला निवडून मारतं आणि मागे काही उरत नाही. पण डोस अचूक लागतो, परिणाम काही आठवड्यांचा, आणि फॉस्फरस जागेवरच. नगरपालिकेच्या टँकरने करायचं ते काम नाही.

या उन्हाळ्यापुरतं काय करायचं? काठावर मराठीत मोठ्या अक्षरांत फलक लावा: पोहू नका, गुरं पाजू नका, कुत्र्यांना उतरू देऊ नका. तवंग असताना तिथले मासे विकू-खाऊ नयेत. निदान आतडी आणि यकृत कोणाच्या ताटात जाऊ नये. तवंग वाऱ्याच्या दिशेने एका कोपऱ्यात साचतो. सकाळी वारा पडलेला असताना तरंगता अडसर लावून तो पंपाने उपसा आणि तलावाकडे उतार नसलेल्या जागी खड्ड्यात वाळवा. हे फवारणीपेक्षा कष्टाचं काम आहे, पण शेवाळासोबत फॉस्फरसही बाहेर जातो. उपसणाऱ्या माणसांना हातमोजे, गमबूट आणि मास्क द्या. तुषार श्वासात जाऊ नयेत.

दरम्यान मला, किंवा तुम्ही ज्यांचा सल्ला घ्याल त्यांना, हे आकडे लागतील: तलावाची सरासरी खोली, नाल्याचा प्रवाह, बादली आणि घड्याळ घेऊन मोजला तरी चालेल, पण सकाळी, दुपारी आणि रात्री, नाल्याच्या आणि तलावाच्या पाण्यातला एकूण फॉस्फरस आणि एकूण नायट्रोजन, पहाटेचा आणि दुपारचा प्राणवायू व सामू, आणि पाण्याची क्षारता. वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी चकती दोरीला बांधून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते दर आठवड्याला वहीत लिहा, शाळेतली मुलंही करतील. नमुने काठावरच्या तवंगातून घेऊ नका, होडीतून मध्यावर जाऊन हातभर खालून घ्या. प्रयोगशाळेला ‘एकूण फॉस्फरस’ असं स्पष्ट लिहून द्या. नुसतं फॉस्फेट लिहिलंत तर विरघळलेलं तेवढंच मोजतात, आणि शेवाळाच्या ऐन भरात ते जवळजवळ शून्य येतं, कारण सगळं शेवाळाच्या पोटात गेलेलं असतं. असा रिपोर्ट दाखवून ‘तलावात फॉस्फरस नाहीच’ म्हणणारे मी बैठकीत पाहिलेत.

पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा असे दोन संच मिळाले तर तुरटीच्या डोसबद्दल आणि गाळ किती काढायचा याबद्दल नेमकं बोलता येईल. त्याआधी जो कोणी तुम्हाला औषधाचा किलोमागे दर सांगेल त्याचं कोटेशन फक्त फाइलला लावून ठेवा.